सुई टोचते वॉर्डात, ठरते खरेदीत

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत ‘मोठा अपघात’ कशाला म्हणायचं, याची व्याख्या दिली आहे. दवाखान्यांचा कचरा नेणारा ट्रक उलटला, तर तो मोठा अपघात. कचरा नदी-तलावात गेला, तर तोही मोठा अपघात. व्याख्येच्या शेवटी मात्र स्वच्छ लिहिलं आहे, की सुई टोचण्यासारख्या घटना यात धरायच्या नाहीत. मोठ्या अपघाताची खबर ताबडतोब द्यायची आणि २४ तासांत लेखी अहवाल पाठवायचा. बाकीच्या अपघातांची माहिती वर्षातून एकदा, वार्षिक अहवालात.

या फरकाबद्दल माझं भांडण नाही. ट्रक उलटला तर गावाला धोका, सुई टोचली तर एका माणसाला. भांडण आहे ते वार्षिक अहवालातल्या त्या रकान्याशी. मी पाहिलेल्या बहुतेक अहवालांत तिथे एकच शब्द होता: ‘निरंक’. वर्षभर शेकडो खाटा भरलेल्या, रोज हजारभर सुया वापरल्या जाणार, आणि एकाही माणसाला एकही सुई टोचली नाही. हा चमत्कार आपल्याकडे दरवर्षी होतो आणि त्यावर सही-शिक्काही पडतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मिळून मी ३१ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. काही वर्षं सरकारी, बरीच खासगी, आणि शेवटची आठ वर्षं इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून. सुई टोचल्याची नोंदवही ठेवणं हे माझं कामच होतं. एका रुग्णालयात मी वर्षाचा आकडा ११ लिहून दिला, तर “एवढे कसे? मॅनेजमेंट काय म्हणेल?” असं म्हणत कागद माझ्याकडे परत आला. वॉर्डावर हिंडणाऱ्या कोणत्याही सिस्टरला विचारा, ११ हा आकडा तिला हास्यास्पद वाटेल. मोठा आहे म्हणून नाही, लहान आहे म्हणून.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. सुई टोचणं हा परिचारिकेच्या निष्काळजीपणाचा प्रश्न आहे, असं आपण धरून चाललो आहोत. तो मुळात खरेदीचा प्रश्न आहे. कुठली सुई वॉर्डावर येणार हे जे ठरवतात, ते किती जणांना टोचणार हेही ठरवतात. आणि ते ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्याही हातात ती सुई कधी येत नाही.

टोपण का लावलं?

सुई टोचल्यावर पहिला प्रश्न येतो, “टोपण लावत होतीस ना?” वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, हा नियम १९८० च्या दशकापासून जगभर शिकवला जातो. आमच्याकडे तो प्रत्येक वॉर्डात भिंतीवर चिकटवलेला असतो. तरीही टोपण लावलं जातं. का?

सकाळच्या पाळीत चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर आहेत असं समजा. सिस्टरने इंजेक्शन दिलं. एका हाताने पेशंटच्या दंडावर कापूस दाबून धरलाय, दुसऱ्या हातात उघडी सुई. नीडल कटर ड्युटी रूममध्ये, म्हणजे वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. मधे नातेवाईक, सलाईनचे स्टँड, खाली सतरंजीवर झोपलेली कुणाची तरी आई. उघडी सुई घेऊन तिथून चालत जायचं, की जागच्या जागी टोपण लावायचं? दोन धोक्यांतला एक तिला दर दहा मिनिटांनी निवडावा लागतो.

हे निरीक्षण माझं एकटीचं नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जनीन जॅगर यांनी सहकाऱ्यांसह १९८८ साली असाच अभ्यास प्रसिद्ध केला. सुई कुणाला टोचली एवढंच न विचारता ‘कोणत्या उपकरणाची टोचली?’ हे त्यांनी मोजलं. वापर झाल्यावर ज्या उपकरणाचे भाग सुटे करावे लागतात, त्याचं टोचण्याचं प्रमाण साध्या सिरिंजपेक्षा कितीतरी जास्त निघालं. हात तेच, प्रशिक्षण तेच. वस्तू बदलली की जखमांचं प्रमाण बदललं. याला आता चाळीस वर्षं होत आली. आपण अजून पोस्टर चिकटवतोय.

बाकीचे प्रसंगही असेच, वस्तूच्या रचनेतूनच निर्माण होणारे. इंट्राकॅथ लावताना आतली सुई बाहेर काढली, की क्षणभर ती रक्ताळलेली, पोकळ सुई हातात उघडी असते आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने शीर दाबून धरायची असते. लहान मूल हात झटकतं, दारू सुटलेला पेशंट उठून बसतो. प्रसूतिगृहात टाके घालताना दिसतं कमी आणि चाचपावं लागतं जास्त. लॅबमध्ये रक्त सिरिंजमधून बाटलीत सोडताना झाकण हातात धरलेलं असतं. यातल्या कुठल्या क्षणी ‘जास्त काळजी’ घ्यायची होती, ते मला पोस्टर लिहिणाऱ्याने सांगावं.

किती धोका, कुणाला धोका

भीती पसरवायची नाही म्हणून आकडे नीट सांगते. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे साधारण तीनशेत एक. हिपॅटायटिस सी साठी ती दोन टक्क्यांच्या आसपास धरली जाते. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल, तर पेशंटच्या रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणानुसार ती ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे ३० लाख आरोग्य कर्मचाऱ्यांचा सुई-पात्यांमुळे अशा विषाणूंशी संपर्क येतो.

तीनशेत एक म्हणजे कमीच, असं कुणी म्हणेल. ज्याला टोचली आहे त्याने पुढचे सहा महिने कसे काढायचे, हे त्या टक्केवारीत नसतं. दोन तासांच्या आत, फार तर ७२ तासांत, एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं सुरू करायची. ती २८ दिवस घ्यायची. मळमळ, जुलाब, अंगात त्राण नाही, आणि ड्युटी चालूच. मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. तोवर नवऱ्याला काय सांगायचं, अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय करायचं, हे प्रश्न. तपासणी ‘निगेटिव्ह’ आली की सगळे म्हणतात, “बघ, काही झालं नाही.”

टोचते कुणाला, हे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या एका अभ्यासात दिसतं. १९९८ ते २००३ या काळात तिथे ३८० जणांनी सुई टोचल्याची नोंद केली. त्यांत जवळपास निम्म्या परिचारिका, एक तृतीयांश अटेंडंट, आणि डॉक्टर दहातले जेमतेम एक. ज्या रुग्णालयाने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, तिथला हा हिशेब आहे. अटेंडंट म्हणजे आमच्याकडचे मामा आणि मावशी. त्यांनी कुणालाच इंजेक्शन दिलेलं नसतं. दुसऱ्याने टाकलेली सुई त्यांना टोचते.

एका खासगी रुग्णालयात लाल पिशवी बांधताना एका मावशींच्या तळहातात सुई घुसली. मावशी ठेकेदाराच्या, रुग्णालयाच्या नाहीत. सुपरवायझरचा पहिला प्रश्न, “हातमोजे घातले होते का?” घातले होते. रबरी मोजा सुईला अडवत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुई कुठल्या पेशंटची, ते कळायला मार्ग नव्हता. हिपॅटायटिस बी ची लस त्यांना दिलेली नव्हती. ठेकेदार म्हणाला रुग्णालयाने द्यायची, रुग्णालय म्हणालं ठेकेदाराने. नियम सांगतो, की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करायची. त्या दिवशी रक्त तपासायला मावशी दुपारी दोन तास बाहेर गेल्या, म्हणून त्यांचा अर्धा दिवस खाडा मांडला गेला.

दुसरी गोष्ट जत तालुक्यातून आलेल्या जीएनएमच्या विद्यार्थिनीची. वय १९. रात्रपाळीत तिला सुई टोचली, पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह होता. तिने ते कुणालाच सांगितलं नाही. निष्काळजी म्हणून शेरा पडेल, घरी कळवतील, ‘असल्या’ पेशंटची सुई म्हणजे लग्नाचं काय, असं तिच्या डोक्यात. चौथ्या दिवशी होस्टेलच्या मैत्रिणीने तिला ओढत माझ्याकडे आणलं. ७२ तास उलटून गेले होते. मुलगी सुटली, सहा महिन्यांनंतरची तपासणीही निगेटिव्ह आली. पण ते तीनशेतल्या दोनशे नव्व्याण्णवांचं नशीब होतं, आपल्या व्यवस्थेचं कर्तृत्व नव्हे. जिथे टोचणीची चौकशी ‘तुझं काय चुकलं?’ इथून सुरू होते, तिथे टोचणी लपवली जाणारच. आणि मग रकाना निरंक.

वस्तू आहे, फक्त आपल्याकडे येत नाही

सुरक्षित सुई म्हणजे काही अंतराळातलं तंत्र नाही. एक प्रकार असा, की औषध संपल्यावर दट्ट्या तळापर्यंत दाबला की स्प्रिंगने सुईच सिरिंजच्या आत ओढली जाते. दुसऱ्यात सुईलगत बिजागरीचं झाकण असतं, ते त्याच हाताच्या अंगठ्याने पुढे ढकलायचं. दुसरा हात सुईजवळ न्यावा लागत नाही. इंट्राकॅथमध्ये आतली सुई बाहेर येता येता एक छोटी धातूची क्लिप तिच्या टोकावर आपोआप बसते, सिस्टरला वेगळं काही करावं लागत नाही. बोटातून रक्त घ्यायच्या लॅन्सेटचं पातं टोचून लगेच आत जातं. टाक्यांसाठी बोथट टोकाच्या सुया मिळतात, त्या आतल्या थरांना चालतात आणि हातमोज्यातून सहज आत जात नाहीत. सलाईनच्या नळीत औषध सोडायला सुई न लागणारे कनेक्टर मिळतात.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती दूर करायला हवी. “आमच्याकडे एडी सिरिंज आहे की,” असं अधिकारी अभिमानाने सांगतात. एडी, म्हणजे ऑटो-डिसेबल. एकदा वापरली की तिचा दट्ट्या अडकतो, ती पुन्हा वापरता येत नाही. तिने बाळाला वाचवलं, आणि फार मोठं काम केलं. सरकारी लसीकरणात ती २००५ च्या सुमारास आली, त्याआधी काचेच्या सिरिंजा उकळून वापरणाऱ्या नर्सबाई आम्ही पाहिल्या आहेत. कोविडच्या काळात देशात २२० कोटींवर डोस दिले गेले, त्यांचा मोठा भार याच सिरिंजने उचलला. पण एडी सिरिंजची सुई वापरानंतर उघडीच राहते. ती पुढच्या पेशंटचं रक्षण करते, हातात धरणाऱ्या एएनएमचं नाही. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर लसीकरण आटोपून हब कटर आणि डबा पिशवीत घालून पायी उतरणाऱ्या सिस्टरला विचारा.

एडी सिरिंजच्या इतिहासातून मात्र एक गोष्ट सिद्ध होते. सरकारने ठरवलं, की देशभर, अगदी वाडीवस्तीपर्यंत, वस्तू बदलते. ‘आपल्याकडे शक्य नाही’ हे वाक्य लसीकरणाने केव्हाच खोटं पाडलं आहे. बाळासाठी जे जमलं, ते बाळाला टोचणारीसाठी का जमत नाही?

एका नर्सने कायदा आणला

कॅरन डेली बॉस्टनमधल्या एका रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका होत्या. वीस वर्षांहून जास्त अनुभव. १९९८ च्या जुलैमध्ये त्यांनी एका पेशंटचं रक्त घेतलं आणि सुई नियमाप्रमाणे डब्यात टाकली. डब्यात आधीच कुणाची तरी सुई वर आलेली होती, ती बोटात गेली. त्यातून त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी, दोन्ही झाले. अनुभव होता, हातमोजे होते, डबा होता. नव्हती ती सुरक्षित सुई, जी त्या वेळी बाजारात उपलब्ध होती.

डेलींनी वॉर्डातली नोकरी सोडली आणि कायद्यासाठी उभ्या राहिल्या. स्वतःचं नाव आणि आजार उघड करून त्यांनी संसदेपुढे साक्ष दिली. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेचा सुई-सुरक्षा कायदा झाला. त्यातल्या तीन गोष्टी आपण उचलण्यासारख्या आहेत. रुग्णालयाने सुरक्षित उपकरणांचा दरवर्षी विचार करून ती वापरात आणायची. प्रत्येक टोचणीची नोंद, उपकरणाच्या प्रकारासह, वहीत ठेवायची. आणि उपकरण निवडताना जे प्रत्यक्ष वापरतात त्यांचं मत घ्यायचं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, कायद्यानंतरच्या वर्षात तिथल्या रुग्णालयांत अशा जखमांचं प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांनी घटलं. युरोपीय संघाने २०१० मध्ये असाच निर्देश काढला आणि सदस्य देशांना २०१३ पर्यंतची मुदत दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुरक्षित सिरिंजांची शिफारस केली आणि त्यासाठीच्या पहिल्या मोहिमेत ज्या देशांची निवड केली, त्यांत भारत होता.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम १९ म्हणतं, की प्रत्येक आरोग्य संस्थेने कर्मचाऱ्यांना सुरक्षित वातावरण द्यायचं: सार्वत्रिक खबरदारीची साधनं, त्यांचं प्रशिक्षण, आणि टोचणीनंतरची औषधं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्यसेवा किंवा प्रयोगशाळेतल्या कामामुळे झालेला संसर्ग हा व्यवसायजन्य आजार मानला होता. पण भरपाई मागायला टोचल्याची नोंद लागते, आणि नोंद निरंक. रुग्णालयात मारहाण झाली तर त्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये वेगळा कायदा केला, बरंच झालं. मारहाणीचं रक्त टीव्हीवर दिसतं. सुईचं एक थेंब रक्त सिस्टर नळाखाली धुऊन टाकते आणि पुढच्या खाटेकडे वळते.

पैसे नाहीत, आणि इतर उत्तरं

खरेदीत सुरक्षित सुई का येत नाही? उत्तर एका अक्षरात आणि एका आकड्यात आहे: ‘एल-१’. सर्वांत कमी दराची निविदा. निविदेच्या तपशिलात ‘५ मिलि डिस्पोजेबल सिरिंज सुईसह’ एवढंच लिहिलं, की जी सर्वांत स्वस्त तीच येते, आणि स्वस्त सुई उघडीच असते. यात भ्रष्टाचार असलाच पाहिजे असं नाही, प्रामाणिक माणूसही हेच करील. कारण टोचणीचा खर्च वेगळ्या खात्यात पडतो. तपासण्या लॅबच्या खात्यात, २८ दिवसांची औषधं एड्स नियंत्रणाच्या खात्यात, हिपॅटायटिस बी चं महागडं इम्युनोग्लोब्युलिन कुणाच्याच खात्यात नाही, आणि सहा महिन्यांची झोप सिस्टरच्या खात्यात. सिरिंजच्या खात्यात फक्त बचत दिसते.

“सुरक्षित सुई महाग आहे.” आहेच. पण रुग्णालयातली प्रत्येक सुई उद्याच बदला, असं कुणीच म्हणत नाही. सगळ्यांत घातक म्हणजे शिरेत गेलेली, रक्ताने भरलेली पोकळ सुई. इंट्राकॅथ, रक्त घ्यायच्या सुया आणि लॅन्सेट आधी बदला. तेही अपघात विभाग, आयसीयू, प्रसूतिगृह, डायलिसिस आणि लॅबपासून. मागणी ठरलेली आणि मोठी असली, की दर खाली येतात. एडी सिरिंजच्या बाबतीत हेच घडलं. जिल्ह्यात स्कॅन मशीनला पैसा मिळतो, इमारतीला मिळतो, प्रवेशद्वाराला मिळतो. सिरिंजची फीत कापता येत नाही, ही खरी अडचण आहे.

“या उपकरणांचा पुरावा पक्का नाही.” हा आक्षेप अभ्यासू आहे, म्हणून आदराने घेते. सगळ्या उपकरणांबद्दलचा पुरावा सारखा भक्कम नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही सशर्त आहे. काही उपकरणांत झाकण स्वतः बसवावं लागतं; घाईत बसवलं नाही, तर ती साध्या सुईसारखीच. काही इंट्राकॅथमध्ये रक्त जास्त सांडतं. म्हणूनच निवड कॅटलॉग बघून करू नये. दोन-तीन नमुने वॉर्डावर पंधरा दिवस द्या, सिस्टरना वापरू द्या, मग ठरवा.

“आधी अनावश्यक इंजेक्शनं थांबवा.” शंभर टक्के मान्य. सर्वांत सुरक्षित सुई ती, जी टोचलीच नाही. आपल्याकडे ताप आला की ‘सुई मारा डॉक्टर’ आणि अशक्तपणा आला की सलाईन. डॉ. अनंत फडके आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यातच औषधांच्या पुरवठ्याचा आणि वापराचा अभ्यास केला होता, आणि अवाजवी औषधं नि गरज नसलेली इंजेक्शनं हा त्यातला एक ठळक मुद्दा होता. नंतर २००२ ते २००४ मधल्या एका देशव्यापी पाहणीत जवळपास दोन तृतीयांश इंजेक्शनं असुरक्षित निघाली. पण इंजेक्शनं कमी करा हे सुरक्षित सुई न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. आयसीयूतल्या पेशंटला इंट्राकॅथ लागणारच आहे. उलट सुई महाग झाली, तर ती मारताना दोनदा विचार होईल.

भीतीची किंमत पेशंट मोजतो

सांगलीला हा विषय वेगळ्या कारणानेही लागू आहे. एचआयव्हीच्या पहिल्या लाटेत देशातले जे जिल्हे होरपळले, त्यांत सांगली होती. १९९२ पासून मीना शेषू यांची ‘संग्राम’ आणि १९९६ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ इथेच उभी राहिली. त्या काळात या बायकांना दवाखान्यात काय वागणूक मिळायची, हे मी पाहिलं आहे. खाट कोपऱ्यात, खाटेवर लाल चिठ्ठी, ड्रेसिंगला कुणी पुढे येत नाही, ऑपरेशनची तारीख पुढेच ढकलली जाते. त्या वागणुकीचं समर्थन मी तेव्हाही केलं नाही, आजही करत नाही. पण तिच्या मुळाशी फक्त पूर्वग्रह नव्हता. हातात उघडी सुई आणि मागे कुणीही उभं नाही, अशी साधी भीतीही होती.

आज कायद्याने भेदभावाला बंदी आहे, औषधांनी एचआयव्ही आटोक्यात ठेवता येतो. तरी मिरजेपासून कराडपर्यंत ऑपरेशनआधी पेशंटची एचआयव्ही तपासणी चटकन लिहिली जाते, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की ‘पुढे मोठ्या दवाखान्यात जा’. सार्वत्रिक खबरदारी म्हणजे प्रत्येक पेशंटचं रक्त सारखंच मानायचं. साधनं न देता ती खबरदारी मागितली, की कर्मचारी आपापली खबरदारी शोधतात, आणि ती पेशंटला टाळण्यात सापडते. सिस्टरच्या हातात सुरक्षित सुई देणं हा गोकुळनगरच्या बाईच्या उपचाराचाही प्रश्न आहे. या दोघींना एकमेकींसमोर उभं करणारी व्यवस्था दोघींचीही गुन्हेगार आहे.

तर काय करायचं

मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकाच्या सीमेपलीकडून पेशंट रेल्वेने इथे येतात. इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं सिव्हिल आहे. एवढं वैद्यकीय वजन असलेल्या दोन जिल्ह्यांनी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता, आणि प्रतिसरकारच्या काळात त्याने कुणाची वाट पाहिल्याचं ऐकिवात नाही.

पहिली मागणी: खरेदीच्या तपशिलात एक ओळ वाढवा. ‘वापरानंतर सुई आपोआप किंवा एका हाताने झाकली जाणारी’. मग एल-१ हवा तर ठेवा; स्पर्धा सुरक्षित सुयांमध्ये होऊ दे. राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने ही ओळ घातली, तर प्रश्न राज्यभर सुटायला लागेल.

दुसरी: खरेदी समितीत रोज सुई धरणारी एक सिस्टर, एक लॅब टेक्निशियन आणि कचरा उचलणाऱ्या एक मावशी असाव्यात, आणि त्यांच्या नकाराला वजन असावं.

तिसरी: नोंद. टोचलं की नाव न विचारता, शेरा न मारता लिहायचं: कोणतं उपकरण, कोणतं काम, कोणती वेळ. महिन्याचा आकडा वॉर्डाच्या फळ्यावर लावायचा. ज्या रुग्णालयाचा आकडा शून्य आहे त्याची चौकशी करा, ज्याचा पंचवीस आहे त्याचं अभिनंदन.

चौथी: कंत्राटी माणसांची लस. तीन डोस, त्यानंतर अँटीबॉडीची तपासणी. ठेकेदाराच्या बिलाला लसीकरणाची यादी जोडलेली नसेल, तर बिल थांबवा. आणि टोचणीनंतरची औषधं रात्री दोन वाजताही अपघात विभागात मिळाली पाहिजेत, कुलूपबंद कपाटात नव्हे.

पाचवी मागणी खासगी डॉक्टरांकडे. सांगली-मिरज, कराड, सातारा इथल्या लहान रुग्णालयांना एकेकट्याने सुरक्षित इंट्राकॅथ परवडत नाही, हे खरं आहे. पण या मातीत सहकार काय असतो ते कुणी शिकवायला नको. एकेकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना परवडत नव्हता, म्हणून तर तो मिळून काढला. वैद्यकीय संघटनांच्या शाखांनी शंभर रुग्णालयांची मिळून एक मागणी काढली, तर पुरवठादार दर घेऊन स्वतः येतील.

बारा मे रोजी परिचारिका दिन असतो. मेणबत्त्या लागतात, केक कापला जातो, पालकमंत्र्यांचा संदेश वाचला जातो. २०२० मध्ये आमच्यासाठी थाळ्याही वाजल्या. त्या दिवशी भाषणाला जो कोणी येईल, ट्रस्टी असो, नगरसेवक असो की आमदार, त्याला कुणीतरी उठून एवढंच विचारा: आपल्या रुग्णालयाच्या मागच्या खरेदीत सुईच्या पुढे काय लिहिलं होतं? उत्तर येत नसेल, तर कागद मागवा. रुग्णालय सरकारी असेल, तर तो माहिती अधिकारात मिळतो.